अर्ध्या अंशाची चोरी

वीज चोरीला जाते, पाणी चोरीला जातं, हे सीलवाल्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण पाण्यातली ऊब चोरीला जाते, हा शोध त्यांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी लावला, तोही स्वतःच्या मागच्या अंगणात.

सीलवाले हे काही त्यांचं नाव नव्हे, गल्लीनं दिलेली पदवी. वीज खात्यात ते मीटर तपासनीस होते. चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, मीटरच्या झाकणातून तार ओवायची, तारेच्या टोकाला शिशाचा मणी घालून चिमट्यानं दाबायचा, झालं सील. ते कुणी तोडलं की पंचनामा. लग्नाच्या पहिल्या वर्षी जळमटं काढताना नव्या नवरीच्या झाडूचा दांडा लागून घरच्याच मीटरचं सील तुटलं. दुसरा कुणी असता तर त्यानं गुपचूप नवं ठोकलं असतं आणि चहा पीत बसला असता. ह्यांनी स्वतःच्या घरावर पंचनामा लिहिला, बायकोची सही घेतली आणि तो वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवला! गल्ली हा किस्सा अजून एकमेकांना सांगते आणि हसते. बायकोही आता हसते. त्या वर्षी मात्र ती हसली नव्हती.

ही बायको टपाल वाटायची. अठ्ठावीस वर्षं खांद्याला पिशवी लावून सगळं गाव पायाखाली घातलं, कधी साधी ठेच लागली नाही. निवृत्त झाली आणि घरच्याच ओट्यापाशी सांडलेल्या पाण्यावरून घसरून गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे करून घेतले. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण गुडघा काही वाकेना. डॉक्टरांनी पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली. तोवर तो काटकोनात वाकला तर उत्तम. नाही वाकला तर बेशुद्ध करून जोर लावून वाकवावा लागेल, म्हणाले. आणि खरी भीती तीच होती. ऑपरेशनच्या वेळी बेशुद्ध केलं तेव्हा तिचं हृदय असं काही अडखळलं होतं, की दोन दिवस काचेपलीकडे ठेवलं होतं. ते दोन दिवस सीलवाले बाकावर बसून होते. पुन्हा त्या बाकावर बसायची त्यांची छाती नव्हती.

व्यायाम शिकवायला दर सोमवारी एक बाई यायच्या. चटपटीत, बोलायला फटकळ. त्यांनी मागच्या अंगणात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, घरात पूल असून तुम्ही मला दोरीचे व्यायाम काय शिकवायला लावता? छातीएवढ्या पाण्यात वजन लागत नाही. ह्यांना रोज तासभर पाण्यात चालवा. फक्त पाणी कोमट हवं. साधारण तीस अंश धरा."

पूल म्हणजे काय, आधीच्या मालकानं हौसेनं बांधलेला हौद. आठ पावलं लांब, तीन पायऱ्या, एका बाजूला नळीचा कठडा. ह्या दोघांनी त्यात कधी पाऊल घातलं नव्हतं. पाणी बाराही महिने गारठलेलं. विजेवर तापवायचं म्हटलं तर सीलवाल्यांचं काळीजच थांबलं असतं. लोकांची वीज मोजण्यात ज्याचा जन्म गेला, तो तीन खोल्यांएवढं पाणी विजेवर तापवेल होय? आणि व्यायामवाल्या बाईंच्या वाक्यातला 'साधारण' हा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही. तीस तेवढा पोचला.

मग काय, माणूस कामाला लागला. बागकामाच्या दुकानातून काळ्या पाइपची दोन भेंडोळी आणली. ती अडगळीच्या खोलीच्या पत्र्यावर जिलबीसारखी गोल गोल पसरून तारेनं बांधली. कूलरचा जुना पंप पुलात सोडला; तो पाणी वर ढकलणार, पाइप उन्हात तापणार, तापलेलं पाणी दुसऱ्या टोकानं परत पुलात पडणार. फ्रिजच्या दुकानामागे पडलेलं, बारीक फुग्यांचं पॅकिंगचं प्लास्टिक गोळा केलं आणि निळ्या टेपनं जोडून पुलाएवढी गोधडी केली. फुगे खाली, सपाट बाजू वर. ऊब सगळ्यात जास्त जाते ती वाफेनं, वरून. म्हणून पांघरूण महत्त्वाचं, हे त्यांनी वाचलं होतं आणि ते बरोबरही होतं. पंप सकाळी दहाला चालू, चारला बंद. ऊन नसताना पंप चालवला तर तोच पत्रा पाणी उलटं गार करतो, हेही त्यांना कळत होतं. विषयातलं त्यांना सगळं कळत होतं हो. प्रश्नच नव्हता.

एकवीसपासून सुरुवात झाली. दोरीला बांधलेला थर्मामीटर, दिवसातून पाच नोंदी, पाठपुठ्ठ्याची वही. बावीस, तेवीस, पंचवीस. सीलवाले गल्लीत छाती काढून फिरू लागले.

आणि पंचवीसवर गाडी अडली.

रोज सकाळी पाणी चढायचं. एक वाजता सव्वीस भरायचं. मग जेवण, मग दीड ते अडीच सीलवाल्यांची वामकुक्षी. ही वामकुक्षी एवढी ठरलेली की समोरचा न्हावी त्यांच्या घोरण्यावर घड्याळ लावत असे. उठून तीन वाजता थर्मामीटर ओढावा तर साडेपंचवीस! भर उन्हात, पंप चालू असताना, अर्धा अंश कमी. एकदा झालं तर समजू शकतो. चार दिवस रोज?

"अगं, कुणीतरी मारतंय," ते बायकोला म्हणाले.

ती स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीत पाय लांब करून बसलेली. "काय मारतंय?"

"ऊब."

"ऊब कोण मारेल? कशात घालून नेईल?"

"तेच शोधायचंय. वीज तरी कुठे दिसते? पण चोरतातच ना लोक?"

"वारा आला असेल."

"वाऱ्याला काय दीड वाजताच यायचं असतं?" सीलवाले म्हणाले. "नाही, नाही. हे माहीतगार माणसाचं काम आहे. मी कधी झोपतो हे त्याला ठाऊक आहे."

बायकोनं मांडीवरचा रुमाल उलगडला आणि पुन्हा होती तशी घडी केली. चौतीस वर्षं संशयितांचे हात पाहिलेल्या माणसानं ते हात पाहिले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचे डोळे होते खिडकीबाहेर.

पुरावे सापडत गेले, आणि पुरावे सापडले की सीलवाल्यांना कसा हुरूप यायचा, विचारू नका. पांघरुणाची कड ते नेहमी आतल्या बाजूला दुमडत, ती एके दिवशी बाहेरच्या बाजूला दुमडलेली. पाण्याची पातळी बोटभर खाली. फरशीवर ओले गोल ठसे, चार-चारच्या जोडीनं, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. हे स्टुलाचे पाय, त्यांनी ठरवलं. कुणीतरी स्टूल टाकून वाकतं आणि पाणी उपसतं. बायकोच्या वॉकरलाही चार पाय होते, त्यांना रबरी टोपणं होती, आणि तो वॉकर दारापाशी उभा होता, तोही ओला. पण वॉकर बाथरूममध्ये ओला होणारच! त्यात संशयास्पद काय?

शिवाय टेप. निळ्या टेपचं आख्खं भेंडोळं त्यांनी ओट्याखालच्या खणात ठेवलं होतं. ते रोज थोडं थोडं कमी होत होतं. त्यांनी टोकाला पेनानं खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण गायब, बोटभर टेप गायब. म्हणजे चोर स्वयंपाकघरापर्यंत येतो! सीलवाल्यांच्या अंगावर काटाच आला.

एके दिवशी त्यांनी झोपेचं सोंग केलं. दीड वाजता आडवे झाले, खोटं खोटं घोरले, आणि पंधरा मिनिटांनी पाय न वाजवता अडगळीच्या खोलीत जाऊन फटीला डोळा लावला. तासभर घामाघूम होऊन बसले. कुणी आलं नाही. तीन वाजता पाणी सव्वीसच्याही वर. बाहेर आले तर बायको खुर्चीतून म्हणाली, "आज घोरणं वेगळंच होतं तुमचं. बरं वाटत नाही का?"

म्हणजे आपण जागे असलो की चोर येत नाही. चोराला आपलं घोरणं ऐकू जातं! सीलवाल्यांनी मनातल्या मनात नकाशा मांडला. घोरणं ऐकू जाईल इतक्या जवळ कोण राहतं? मधल्या भिंतीत फळ्यांचं दार कुणाच्या बाजूला उघडतं? कुणाच्या कामाच्या खोलीची खिडकी थेट पुलावर येते?

शिंपीणबाई. दुसरं कोण असणार!

शेजारच्या शिंपीणबाई एकट्या राहायच्या. गळ्यात टेपची पट्टी, ओठांत दोन टाचण्या, आणि टाचण्या असतानाही बोलणं चालूच. बायकोची आणि त्यांची तीस वर्षांची मैत्री. पण मैत्रीच्या आडून काय काय चालतं हे मीटरवाल्याला कुणी सांगायला नको. आणि कारणही सरळ होतं. नवं सुती कापड शिवायच्या आधी कोमट पाण्यात भिजवून आटवावं लागतं. ह्या बाईंकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलेलं. शेकडो मीटर कापड. मग बादल्यांनी कोमट पाणी कुठून येतं? त्यातच सीलवाल्यांना त्यांच्या दोरीवर मोठे दोन टॉवेल वाळत घातलेले दिसले, आणि त्यातला एक, हिरव्या काठाचा, आपल्याच घरचा! आता काय राहिलं?

मंगळवारी सकाळी ते पुढच्या रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. न्हाव्याच्या दुकानातली अर्धवट दाढी झालेली माणसंही बाहेर आली.

"बाई, आमच्या पाण्यात कापड आटवता तुम्ही?"

शिंपीणबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. "काय म्हणालात?"

"दीड ते अडीच. रोज. माझी बायको पायानं अधू होऊन बसलीय. पाणी तीसला पोचलं तरच तिला उतरता येणार आहे. आणि तुम्ही बादल्या भरून नेता? जनाची नाही तर मनाची तरी!"

शिंपीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर सीलवाल्यांच्या खांद्यावरून मागे, त्यांच्याच घराच्या खिडकीकडे गेली. खिडकीत बायको उभी होती, वॉकर धरून. तिनं मान हलवली. जेमतेम, इकडून तिकडे. सीलवाल्यांची पाठ होती. त्यांना ते दिसलं नाही.

"नेलं," शिंपीणबाई म्हणाल्या. "दोन बादल्या नेल्या. काय करायचंय ते करा." आणि दार धाडकन लावून घेतलं.

अर्धी दाढी झालेली माणसं च्यक् च्यक् करत आत गेली. सीलवाल्यांना विजयाचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण इतक्या पटकन कबुली? नोकरीत कुणी इतक्या पटकन कबूल झालं की ते समजायचे, हा दुसऱ्याला वाचवतोय. त्या सकाळी हे त्यांना आठवलं नाही. राग आला की माणूस स्वतःचा धंदासुद्धा विसरतो.

घरात येऊन त्यांनी माळ्यावरची पेटी काढली. चिमटा, तारेचं रीळ, शिशाच्या मण्यांची पिशवी. पांघरुणाला कडेनं भोकं पाडली, कठड्याला आणि फरशीतल्या कड्यांना तार ओवली आणि एकेक मणी ठेचत गेले. चौदा सीलं. पंधरावं मधल्या दाराच्या कोयंड्याला. चौदा दिवस उरले होते डॉक्टरांच्या तारखेला.

बायको वॉकर टेकत दारापर्यंत आली. "म्हणजे आता कुणीच उघडायचं नाही?"

"तीस होईपर्यंत कुणीच नाही."

"सत्तावीसला उतरले तर?"

"सत्तावीस म्हणजे तीस नव्हे. गारठून गुडघा आखडला तर? बाईंनी तीस सांगितलंय."

"मी म्हणते, हात तर घालून बघा पाण्यात एकदा..."

"हाताला काय कळतंय? थर्मामीटर कशाला असतो?"

"बरं," ती म्हणाली, आणि वळून आत गेली. वळायला तिला बराच वेळ लागला.

पुढचे सहा दिवस ऊन कडक होतं आणि सीलवाले सुखात होते. सत्तावीस, साडेसत्तावीस, अठ्ठावीस. वहीत घट नावालाही नाही. टेपही जिथल्या तिथे. चोरी सिद्ध झाली की नाही? सील लावलं आणि चोरी थांबली. याहून मोठा पुरावा कोणता? बायको मात्र चिडचिडी झाली होती, खुर्चीतून उठताना कण्हायची. "दोनच दिवस कळ काढ," ते म्हणायचे. "दीडच अंश राहिलाय." दुपारी शेजारून शिलाई मशीनचा आवाज यायचा आणि मधेच थांबायचा, कुणी कान देऊन ऐकत असावं तसा. अजून डोळा आहे बाईचा, सीलवाले म्हणायचे.

रविवारी दुपारी तीस भरलं. त्यांनी अंगणातूनच आरोळी ठोकली. सोमवारी व्यायामवाल्या बाईंच्या देखत सीलं कापायची असं ठरलं. त्यांनी चिमटा पुसून सुद्धा ठेवला.

सोमवारी बाई आल्या. दर वेळी त्या आल्या की सीलवाले पत्र्यावर चढून पाइप तपासायचे, कारण बाई फटकळ. ह्या वेळी ते दारातच उभे राहिले, वही काखेत घेऊन. बाईंनी बायकोच्या खुर्चीपुढचं पायपुसणं पायानं बाजूला सरकवलं.

खाली फरशीवर निळ्या टेपचे बोट-बोटभर तुकडे चिकटवलेले होते. एकामागे एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे, लांबून खुर्चीच्या पुढच्या पायाकडे सरकत आलेले. प्रत्येकावर पेनानं तारीख. अगदी शेवटी, खुर्चीच्या पुढच्या पायापाशी, एकच लाल पट्टी; टाच तिथे टेकली की काटकोन.

"टाच सरकवा मागे," बाई म्हणाल्या.

बायकोनं दात आवळले. टाच फरशीवरून सरकली, शेवटच्या निळ्या पट्टीपर्यंत पोचली नाही, तिच्या आधीच्या पट्टीपर्यंतही नाही. तीन पट्ट्या अलीकडेच थांबली. तिच्या कपाळावर घाम आला.

"हे काय?" बाई वर बघत म्हणाल्या. "मागच्या सोमवारी इथे होतात तुम्ही. लाल पट्टीला पाच बोटं राहिली होती. आता पुन्हा लांब कशा गेलात? पाण्यात जाणं बंद केलंत की काय?"

बायकोनं पाय हळूच पुढे घेतला.

"अहो, मी विचारतेय. रोज जात होतात ना? शेजारच्या बाई धरायच्या ना?"

सीलवाले खाली बसले. एकदम उकिडवे, मीटरपुढे बसायचे तसे. पट्ट्यांवरच्या तारखा वाचल्या. मग काखेतली वही उघडली. दहा तारीख, अर्धा अंश घट. दहा तारीख, पट्टी. अकरा, घट, अकरा, पट्टी. बारा, तेरा. चौदा तारखेला घट नव्हती, कारण त्या दिवशी ते फटीला डोळा लावून बसले होते. चौदाची पट्टी नव्हती. पंधरा, घट, पंधरा, पट्टी. वहीत जितका आकडा उतरला होता, तितकी फरशीवर टाच मागे सरकली होती. आणि वहीत जिथून घट थांबली, लाल शाईनं 'चोरी बंद' लिहिलं होतं, तिथून फरशी कोरी होती.

त्यांनी वही मिटली. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर उतरू दिलं असतंत? पंचवीसला?"

ते खोटं बोलू शकले असते. "नाही," म्हणाले.

"मग?"

"अगं, पण सहा दिवस... चिमटा तर इथेच होता, खणात. ते सील कापायला असं कितीसं बळ लागतं? कापून उतरायचं!"

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्यांना सोसलं असतं. "तुमच्या सीलला हात लावायचा नसतो," ती म्हणाली, "हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकले."

व्यायामवाल्या बाईंना त्या जुन्या पंचनाम्याची गोष्ट ठाऊक नव्हती, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. त्यांनी पिशवी उचलली. "आठ दिवस आहेत. रोज दोन वेळा पाण्यात. पुढच्या मंगळवारी मी थेट दवाखान्यातच येते. लाल पट्टीला एखाद बोट कमी पडलं तर मी डॉक्टरांशी भांडेन. त्याहून जास्त असेल तर माझ्या हातात काही नाही."

सीलवाले अंगणात गेले. चौदा सीलं कापली. घाईत एक तार बोटात घुसली. पांघरूण ओढून काढलं. पाणी वाफाळत नव्हतं, पण हवाहवासं वाटेल असं होतं. ते बायकोला आणायला आत आले.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तिला बोलवा. तिला माझा पाय कळतो."

मधल्या दाराचं पंधरावं सील अजून तसंच होतं. त्या दारानं जाणं सोपं होतं. कुणी पाहिलं नसतं. सीलवाले तिथे घटकाभर थांबले. मग पुढच्या दारानं रस्त्यावर आले, न्हाव्याच्या दुकानासमोर, जिथे उभं राहून ओरडले होते तिथेच.

"बाई!" त्यांनी हाक मारली. दार उघडलं नाही. "बाई, माझं चुकलं! पाणी कुणी चोरलं नव्हतं. हिच्यासाठीच होतं ते, हिनंच वापरलं. आळ घेतला मी तुमच्यावर, तोही खोटा, सगळ्यांदेखत. आता सगळ्यांदेखतच सांगतोय!"

न्हाव्याची कात्री थांबली. मशीनही थांबली. दार फटीएवढं उघडलं आणि शिंपीणबाईंचा डोळा दिसला.

"सील लावायचंय का माझ्या तोंडाला?"

"लावायचं तर माझ्या लावा. पण आधी चला. सहा दिवस ती पाण्यात गेली नाही. पाय पुन्हा आखडलाय."

हे ऐकलं मात्र, शिंपीणबाई टाचण्या ओठांत तशाच ठेवून निघाल्या. "आखडला? अहो, रक्ताचं पाणी करून आम्ही तो तिथवर नेला होता!" पुलापाशी पोचल्यावर त्यांनी टाचण्या थुंकल्या, पदर खोचला आणि सीलवाल्यांना म्हणाल्या, "तुम्ही आत जाऊन बसा. तुमच्यापुढे ती ओरडत नाही. आणि ओरडल्याशिवाय गुडघा वाकत नाही."

ते आत जाऊन बसले. बायकोच्याच खुर्चीत. बाहेरून तिचं ओरडणं आलं, मग शिव्या, मग दोघींचं हसणं. टपाल वाटताना कुत्रं मागे लागल्यावर ती अशीच हसत घरी यायची. हे हसू रोज दीड ते अडीच ह्या अंगणात होतं, आणि आपण आत घोरत होतो.

सात दिवस असेच गेले. दिवसातून दोनदा पांघरूण निघायचं, पाणी उतरायचं. एकोणतीस, अठ्ठावीस. मधे दोन दिवस आभाळ आलं. टाच मात्र हळूहळू पुन्हा लाल पट्टीकडे सरकू लागली. सीलवाले रोज संध्याकाळी पायपुसणं उचलून बघत आणि परत ठेवत. थर्मामीटर काढून ठेवावा असं त्यांना वाटलं होतं, पण सवय ती सवय. शेवटच्या सोमवारी सकाळी त्यांनी पाहिलं: सव्वीस. वहीत लिहायला पेन उघडलं आणि मिटून ठेवलं.

दुपारी शिंपीणबाईंनी दारातूनच सांगितलं, गणवेश आजच द्यायचेत, मान वर करायला वेळ नाही. "आज तुम्ही धरा. डाव्या काखेखाली हात, आणि ती ओरडली तर सोडायचं नाही."

सीलवाले पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पहिल्या पायरीवर उभे राहिले. महिनाभर त्या पाण्याची पहाट, दुपार, संध्याकाळ त्यांनी लिहिली होती. बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. सव्वीस. त्यांनी श्वास रोखला, दात आवळले आणि पाय घातला.

मग दुसराही घातला. कंबरेपर्यंत उतरले. पाणी पोटाला लागलं.

"अगं," ते म्हणाले, "हे तर कोमट आहे."

"मग?"

"म्हणजे... पंचवीसलाही असंच होतं?"

"साधारण असंच. पहिल्या दिवशी जरा शहारले. मग काही नाही." ती कठडा धरून एक पायरी उतरली. "तुम्हाला म्हटलं होतं, हात घालून बघा."

सीलवाल्यांनी तिच्या डाव्या काखेखाली हात घातला. ती चालली, आठ पावलं जाऊन आठ पावलं येऊन, आणि प्रत्येक वळणावर गुडघा वाकवताना ओरडली. ते ओरडणं त्यांच्या छातीत जाऊन बसत होतं, पण हात त्यांनी सोडला नाही. तास संपला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुलातलं आहे असं त्यांनी सांगून पाहिलं.

आत येऊन ती खुर्चीत बसली. त्यांनी पायपुसणं काढलं, टेपचा तुकडा तोडून बोटावर घेतला आणि तिच्या पायाशी उकिडवे बसले. टाच सरकू लागली. जुनी शेवटची पट्टी ओलांडली. कालची ओलांडली. तिचा श्वास अडकला, आणखी थोडी सरकली, आणि थांबली.

लाल पट्टी एक बोट पुढे होती.

तिनं पुन्हा जोर लावला. टाच हलली नाही. सीलवाल्यांनी आपलं बोट मधे आडवं ठेवून पाहिलं; नेमकं बसलं. तेवढीच जागा. ते सहा दिवस असते तर ही जागा उरली नसती, हे दोघांनाही कळत होतं. शेवटी त्यांनी पट्टी चिकटवली, तारीख लिहिली, पण उठवेना.

"उद्या डॉक्टर विचारतील," ते खालूनच म्हणाले. "एक बोट कशानं कमी पडलं म्हणून."

"सांगा की, चोरी झाली होती घरात. सहा दिवसांची." तिनं ओला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. "चोर सापडला का, विचारतील."

"सापडला," सीलवाले म्हणाले. "मीच सही करतो पंचनाम्यावर. तू नको करूस."